हलक्या एरोबॅटिक विमानाच्या रडरमधील बिघाड: टर्नबकलला हात लावण्याआधी करायच्या गोष्टी

"चेंडू (विमानाची आडवी घसरण दाखवणाऱ्या उपकरणातील गोळी) मधोमध राहत नाही", "पेडल जड लागते", "डावीकडे पूर्ण जात नाही" यांपैकी कोणतीही तक्रार आली, तरी अनेक जण एकच उपाय करतात. ते टर्नबकलची (केबलची लांबी जुळवणाऱ्या आट्यांच्या जोडाची) लॉकवायर, म्हणजे तो फिरू नये म्हणून बांधलेली तार, कापतात, बॅरल (त्याची मधली नळी) दोन फेरे फिरवतात आणि पेडल दाबून पाहतात. पुण्यात एएमईचे (विमान देखभाल अभियंत्याचे) प्रशिक्षण घेणारी मुले आणि हडपसर किंवा बारामतीकडे उडणारे हौशी वैमानिक, दोघेही हे करताना दिसतात. साध्या प्रशिक्षण विमानात ही चूक कदाचित पचून जाईल. एरोबॅटिक विमानात मात्र स्पिनमधून (गरगरत खाली पडण्यातून) बाहेर येणे विरुद्ध बाजूच्या पूर्ण रडरवर (शेपटीच्या उभ्या, वळणाऱ्या भागावर) अवलंबून असते, आणि एका बाजूचे तीन-चार अंश कमी झाले आहेत हे जमिनीवर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुढील क्रम टेलव्हील असलेल्या, स्टीलच्या नळ्यांची चौकट आणि वर कापडाचे आवरण असलेल्या दोन आसनी विमानासाठी लिहिला आहे. अशा विमानांत बहुधा प्रत्येक पेडलापासून रडरच्या हॉर्नपर्यंत (केबल जोडायच्या हातापर्यंत) एक स्वतंत्र केबल जाते आणि पेडलाला पुढे ओढणाऱ्या स्प्रिंगमुळे ती ताणलेली राहते. वळणाचे अंश, टॉर्क आणि वंगणाचा प्रकार यांचे आकडे फक्त आपल्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमधूनच घ्यावेत. सही करण्याचा अधिकार परवानाधारक एएमईलाच आहे. वैमानिकाने आणि शिकाऊ मुलांनी त्याच्या देखरेखीखालीच काम करावे.

टप्पा १: तक्रार नेमकी लिहून घ्या

"रडर बरोबर नाही" ही तक्रार नव्हे. वैमानिकाला बसवून पुढील प्रश्न विचारा आणि उत्तरे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. त्रास जमिनीवर जाणवला की हवेत? एका बाजूला की दोन्हीकडे? कोणत्या वेगाला आणि किती पॉवरला? उलट्या उड्डाणानंतर अचानक सुरू झाला की हळूहळू वाढत गेला? दुसऱ्या आसनावर कुणी होते का, आणि असल्यास त्याचे पाय कुठे होते? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण घाबरलेल्या पाहुण्याने दोन्ही पाय पेडलांवर रोवून ठेवल्यामुळे "जड" झालेले रडर मी पाहिले आहेत.

यानंतर, हा बिघाड आहे की विमानाचा स्वभाव, हे ठरवायचे असते. लायकमिंग इंजिनाच्या विमानात प्रोपेलर वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे पूर्ण पॉवरवर चढताना उजवे पेडल दाबून ठेवावेच लागते. याक-५२ मध्ये हेच उलट असते आणि तेथे डावा पाय कामाला लागतो. हॅमरहेड (सरळ वर चढून रडरने बाजूला वळून खाली येण्याची कसरत) लायकमिंगच्या विमानात डावीकडे सहज वळतो आणि उजवीकडे नाखुशीने, त्यामुळे "उजवा हॅमरहेड नीट होत नाही" एवढ्यावरून केबल उघडू नये. हडपसरला ग्लायडरवर शिकून पुढे इंजिनाच्या विमानाकडे आलेल्यांची ही तक्रार विशेष असते. त्यांचे पाय उत्तम तयार असतात, पण कॅनोपीवरच्या, घसरण दाखवणाऱ्या धाग्याकडे पाहत उडताना प्रोपेलरची ओढ त्यांना कधी भेटलेलीच नसते.

तपासा: शांत हवेत, समतल उड्डाणात, क्रूझ पॉवरवर पंख सरळ ठेवून पाय हलके सोडल्यावर चेंडू कुठे राहतो? तेथे तो मध्यात असेल आणि फक्त चढताना सरकत असेल, तर विमानात काहीही बदलू नका.

आणखी एक साधी गोष्ट. बुटका वैमानिक पाच पट्ट्यांचा हार्नेस घट्ट आवळून बसला, तर त्याचा पाय पूर्ण पेडलापर्यंत पोहोचत नाही आणि तो "वळण कमी आहे" असे सांगतो. उशी आणि पेडलाची जागा तपासल्यावर निम्म्या वेळा प्रश्न तेथेच मिटतो.

टप्पा २: विमान सुरक्षित करा

मॅग्नेटो बंद, किल्ली खिशात, चाकांना चोक. शेपटी स्टँडवर उचलायची असेल तर ती बांधून घ्या, कारण कॉकपिटमध्ये माणूस वाकला की टेलव्हीलचे विमान नाकावर येऊ शकते. रडरचे बाहेरचे कुलूप काढले आहे का, हे पाहा; या प्रश्नावर हसणाऱ्यांपैकी काहींनी ते लावलेले असतानाच पेडल जोर लावून दाबलेले आहे.

हत्यारे मोजून कापडावर मांडा आणि संख्या कागदावर लिहा. पॅनेल उघडल्यावर, काहीही हलवण्यापूर्वी, प्रत्येक टर्नबकल, पुली आणि स्टॉपचे (रडरला टोकाला अडवणाऱ्या ठोकळ्याचे) छायाचित्र घ्या.

टप्पा ३: आधी शोधा, मग हलवा

येथे क्रम सर्वाधिक चुकतो. पॅनेल उघडताच लोक पेडल मागेपुढे करू लागतात. एखादी वस्तू केबलच्या वाटेत अडकली असेल, तर पहिल्याच दाबात ती निसटून आणखी मागे जाते, पेडल मोकळे होते आणि "दुरुस्त झाले" म्हणून विमान परत दिले जाते. पुढच्या उलट्या उड्डाणात तीच वस्तू नव्या जागी अडकते.

उणे जी मध्ये (उलट्या उड्डाणात सगळे कॅनोपीकडे ओढले जाते तेव्हा) कॉकपिटमधील सुटी वस्तू आधी कॅनोपीला आणि विमान सरळ झाल्यावर जमिनीला लागते, आणि नाक वर करून चढताना तेथून घरंगळत शेपटीकडे जाते. कापडी आवरणाच्या विमानात तिला अडवणारी भिंत बहुधा नसते. मला सापडलेल्या वस्तूंमध्ये नाणी, स्क्रू, इअरप्लग आणि चष्म्याची काडी आहे. आणखी एक वस्तू पेनचे टोपण होते. ते पुली आणि तिच्यावरील गार्ड पिन (केबल निसटू न देणारी खीळ) यांच्या मध्ये असे बसले होते की डावे पेडल सहज जाई आणि उजवे दोन-तृतीयांशावर मऊपणे थांबे. मऊ थांबणे ही खूण लक्षात ठेवावी: स्टॉपवर थांबणारा रडर "टक्" असा ठाम थांबतो, आणि वस्तूवर थांबणारा किंचित दबतो.

टॉर्च, आरसा आणि बोरस्कोप (आत घालून पाहायचा बारीक कॅमेरा) घेऊन पेडलांपासून हॉर्नपर्यंतची संपूर्ण वाट पाहा. शेपटीखालच्या कापडावर बोटांनी हलके टिचकी मारत मागे गेल्यास आत पडलेली वस्तू खुळखुळते. पावसाळ्यात हँगरमध्ये चार आठवडे उभ्या राहिलेल्या विमानात कुंभारीण माशीची मातीची घरटी हमखास मिळतात; ती फेअरलीडजवळ (केबल ज्यातून ओवलेली असते त्या कडीजवळ) असतील तर नुसती खरवडू नका, माती व्हॅक्यूमने पूर्ण ओढून घ्या.

इशारा: एक वस्तू सापडली म्हणून शोध थांबवू नका. वैमानिकाच्या खिशातून काय काय हरवले आहे, याची यादी त्याच्याकडून घ्या.

टप्पा ४: जडपणा कोठे आहे, ते भाग वेगळे करून ठरवा

पेडल जड लागते, याचे कारण पेडलापासून टेलव्हीलपर्यंत कोठेही असू शकते. अंदाज करण्यापेक्षा एकेक भाग सोडवत जाणे अधिक लवकर होते. पेडलाला साधा स्प्रिंग काटा लावून ते हलायला किती ओढ लागते, हे दोन्ही बाजूंना मोजा आणि लिहा. "हाताला जड वाटते" या मोजमापाने दोन माणसांचे कधीच एकमत होत नाही.

पहिल्यांदा शेपटी उचला आणि पुन्हा मोजा. ओढ एकदम कमी झाली, तर चाकाचे जमिनीशी घर्षण किंवा टेलव्हीलचा फिरता सांधा हे कारण आहे. दुसऱ्यांदा टेलव्हीलच्या स्टिअरिंग स्प्रिंगा सोडवा. आता रडर मोकळा झाला, तर दोष टेलव्हीलमध्ये आहे: सुकलेले ग्रीस, वाकलेला हात किंवा दोन बाजूंना असमान ताणाच्या स्प्रिंगा. असमान स्प्रिंगा असतील तर टॅक्सी करताना विमान एकीकडे जाते आणि दोष रडरवर येतो. ब्रेकही तसेच. एका चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नसेल तर वैमानिकाला वाटते की रडर ओढतो आहे, म्हणून दोन्ही चाके उचलून हाताने फिरवून पाहा.

तिसऱ्यांदा केबली हॉर्नपासून सोडवा. त्यापूर्वी पेडले मागच्या बाजूस बांधून ठेवा आणि केबलींच्या टोकांना दोरी बांधा. नाहीतर पेडलाची स्प्रिंग केबल झटक्याने आत ओढून घेते आणि ती पुन्हा फेअरलीडमधून ओवण्यात दुपार जाते. आता रडर एका बोटाने फिरला पाहिजे. तो अडखळला तर दोष बिजागरीत. तो मोकळा असून केबल ओढताना खरखर जाणवली तर दोष पुली, फेअरलीड किंवा पेडलाच्या बेअरिंगमध्ये.

तपासा: पेडल दाबून सोडल्यावर ते पुन्हा जागेवर येते का? पेडलाची स्प्रिंग तुटली असेल, तर पेडल वैमानिकाकडे झुकते आणि त्या बाजूची केबल सैल पडून पुलीच्या खोबणीबाहेर येऊ शकते. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा जोडीनेच बदला.

टप्पा ५: केबल आणि पुली

केबल नुसती पाहून तपासता येत नाही. प्राथमिक नियंत्रणात बहुधा ७ × १९ रचनेची केबल असते, म्हणजे सात पेड आणि प्रत्येकात एकोणीस तारा. ३.२ मिमी जाडीच्या अशा गॅल्व्हनाइज्ड केबलीची ताकद सुमारे ९०० किलो असते, त्यामुळे चार-दोन तारा तुटल्या तरी पेडलाला काहीच जाणवत नाही. जाणवेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

सुती कापडाचा तुकडा केबलीभोवती धरून तो संपूर्ण लांबीवर दोन्ही दिशांनी फिरवा. जेथे धागा अडकेल तेथे तुटलेली तार आहे. उघड्या बोटांनी हे करू नका. तुटलेल्या तारेचे टोक सुईसारखे बोटात शिरते. नंतर रडर एका टोकाला नेऊन, एरवी पुलीवर किंवा फेअरलीडमध्ये लपलेला भाग बाहेर आला की तेवढाच पुन्हा तपासा, आणि मग दुसऱ्या टोकाला नेऊन तसेच करा. तारा तेथेच वाकून वाकून तुटतात, आणि बहुतेक लोक नेमका तेवढाच भाग सोडतात. बाहेरच्या तारा ४० ते ५० टक्के झिजल्या, म्हणजे शेजारच्या तारा एकमेकींत मिसळून सपाट चकाकी दिसू लागली, की केबल बदलायची.

बाहेर तांबूस डाग दिसल्यास ताण काढून पेड थोडे उलगडा. आत गंज असेल तर केबल संपली. वरून तेल चोळून ती वाचत नाही. केबल सॉल्व्हंटमध्ये बुचकळून धुऊ नका, कारण त्याने तारांमधले मूळ वंगण निघून जाते आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गंज आतून सुरू होतो. जरा ओलसर केलेल्या कापडाने पुसणे पुरेसे आहे. स्टेनलेस केबल गंजत नाही म्हणून निर्धास्त होणारेही पाहिले आहेत. पुलीवरच्या वाकण्याला ती गॅल्व्हनाइज्डपेक्षा कमी टिकते.

पुलीवर पेनने खूण करा आणि पेडल हलवा. खूण फिरली नाही तर पुली जाम आहे आणि केबल तिच्यावर घासत जाते. अशा पुलीच्या खोबणीत एकाच जागी चपटा खड्डा पडतो. खोबणीची एकच भिंत झिजली असेल तर पुली वाकडी बसली आहे. ती नुसती बदलून उपयोग नाही, कंस सरळ करावा लागतो.

नवी केबल लागणार असेल तर ती मंजूर पुरवठादाराकडून, कागदपत्रांसह घ्यावी. टोके हँगरमध्ये बसवायची असतील तर टोकावर दाबलेला स्लीव्ह (धातूची नळी) गेजने मोजणे आणि जोड केबलीच्या ताकदीच्या ६० टक्के भाराखाली तपासणे, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय ती विमानात जाऊ देऊ नये.

टप्पा ६: बिजागऱ्या, हॉर्न आणि रडरचे वजन

रडरची मागची कड धरून वर-खाली आणि बाजूला हलवा. बोल्ट झिजला असेल तर खट्खट् बोटांना कळते. फिरत्या सांध्यावर कॅसल नट आणि स्प्लिट पिन असते. एकदा काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. वंगण मॅन्युअल सांगते तेवढेच द्यावे. एप्रिलच्या धुळीत जास्तीचे ग्रीस घासकागदासारखे काम करते.

पेडलांत हवेत कंप जाणवल्याची तक्रार असेल, तर ती बाकी सर्व तक्रारींच्या वर ठेवा. असा कंप हवेत पुन्हा आणून पाहण्याचा प्रयोग कधीही करू नये. वैमानिकाने पॉवर आणि वेग त्वरित कमी करून उतरावे, आणि कारण सापडेपर्यंत विमान उडू नये. बिजागरीतील ढिलाई, सुटलेले वजन, रंगाचा नवा थर किंवा रडरमध्ये साचलेले पाणी, यांपैकी कशानेही रडर मागे जड होऊन फ्लटर (आपोआप वाढत जाणारा धोकादायक कंप) सुरू होऊ शकतो. कापडी रडरच्या तळाशी पाणी निथळण्याची भोके असतात, आणि रंगाने किंवा मातीने ती बुजतात. पावसाळ्यानंतर त्यांतून बारीक तार घालून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे. रडर पुन्हा रंगवला किंवा त्याचे कापड बदलले, तर मॅन्युअलनुसार त्याचे संतुलन पुन्हा मोजायचेच.

टप्पा ७: रिगिंग

आता कोठे टर्नबकल. आणि येथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विमानाचा चेंडू क्रूझमध्ये एका बाजूस राहतो अशी तक्रार आली. मी उजवी केबल तीन फेरे सैल केली, डावी तेवढीच आवळली आणि समाधानाने लॉकवायर बांधली. दुसऱ्या एएमईने प्रोट्रॅक्टर (कोनमापक) लावला तेव्हा रडर उजवीकडे तीन अंश कमी जात होता. उजवे पेडल पुढे सरकल्यामुळे हॉर्न स्टॉपला टेकण्याआधीच पेडल बल्कहेडला (पुढच्या आडव्या भिंतीला) टेकत होते. चेंडूचे खरे कारण वेगळेच निघाले: पाऊस आला म्हणून कुणीतरी घाईने विमान आत ढकलताना रडरच्या कडेला हात लावला होता आणि तेथील स्थिर टॅब (कडेवरची लहान पट्टी) वाकला होता.

हे गणित समजले की चूक पुन्हा होत नाही. स्वतंत्र केबलींच्या रचनेत पाय सोडल्यावर रडर हवा ठेवेल तेथे राहतो. टर्नबकल फिरवल्याने रडरची जागा जवळजवळ बदलत नाही. बदलते ती पेडलांची. चेंडू टॅबने दुरुस्त होतो, केबलने नाही. बॅरलच्या एका पूर्ण फेऱ्यात दोन्ही टोके मिळून साधारण १.६ ते १.८ मिमी फरक पडतो. हॉर्नचा हात ७५ मिमी असेल तर तो सुमारे सव्वा अंश होतो.

क्रम असा ठेवा:

१. रडर फिनच्या (शेपटीच्या स्थिर उभ्या भागाच्या) रेषेत आणून दोन सरळ पट्ट्यांमध्ये अडकवा. काही विमानांत फिनच मुळात किंचित तिरकी बसवलेली असते, म्हणून मॅन्युअलमधील शून्याची व्याख्या आधी वाचा.

२. या स्थितीत दोन्ही पेडले एका रेषेत येतील अशी केबलींची लांबी जुळवा. बॅरल फिरवण्यापूर्वी त्यावर टेप लावून खूण करा आणि फेरे मोजा.

३. पट्ट्या काढा. प्रोट्रॅक्टर लावून रडर आधी हाताने आणि मग पेडलाने दोन्ही टोकांना न्या. हाताने जास्त आणि पेडलाने कमी जात असेल, तर पेडल आधी टेकते आहे किंवा केबल ताणली जाते आहे. दोन्हीकडे हॉर्न स्टॉपला टेकल्यावरही पेडलाखाली मोकळी जागा उरली पाहिजे.

४. दोन आसने असतील तर दोन्ही जागांवरून हे करा.

५. टर्नबकलच्या बॅरलबाहेर प्रत्येक टोकाला तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. नवी लॉकवायर किंवा क्लिप लावा.

पेडले एकमेकांशी जोडून बंद वर्तुळ केलेल्या विमानात मात्र टेन्शिओमीटर (केबलचा ताण मोजणारे उपकरण) लागतो, आणि वाचन तापमानाच्या तक्त्याशी जुळवावे लागते. ॲल्युमिनियमचे धड स्टीलच्या केबलीपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पाच मीटर लांबीवर २५ अंश सेल्सिअसच्या फरकाने ते सुमारे १.४ मिमी अधिक वाढते, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे जुळवलेली केबल एप्रिलच्या दुपारी घट्ट लागेल. स्टीलच्या चौकटीत हा फरक नगण्य असतो.

टप्पा ८: दुसऱ्याचे डोळे

नियंत्रणाच्या कामाला हात न लावलेल्या दुसऱ्या अधिकृत व्यक्तीने जोडणी, लॉकिंग आणि दिशा स्वतंत्रपणे तपासावी. एकाने कॉकपिटमधून "उजवे, पूर्ण" म्हणावे आणि मागच्याने दिसते ते बोलावे: "कड उजवीकडे, स्टॉपला टेकली." नुसते "ओके" चालणार नाही. हत्यारे मोजा, संख्या जुळल्याशिवाय पॅनेल लागणार नाही.

टप्पा ९: टॅक्सी आणि उड्डाण

आधी हळू टॅक्सी करून दोन्हीकडे वळणे घ्या. पहिले उड्डाण साधे ठेवा, एकट्याने, पॅराशूटसह. पुरेशा उंचीवर मॅन्युव्हरिंग वेगाच्या खाली हळूहळू साइडस्लिप करून (विमान आडवे घसरवून) पेडलांची ओढ दोन्ही बाजूंना सारखी लागते का, हे पाहा. मॅन्युव्हरिंग वेग म्हणजे पूर्ण रडर एकापाठोपाठ उलटसुलट मारण्याची परवानगी नव्हे. तो एका वेळच्या एका हालचालीपुरता असतो. हे सर्व नीट झाल्यावरच पुढच्या उड्डाणात हॅमरहेड, आणि त्यानंतर स्पिन.

लॉगबुकात "रडर समायोजित केला" एवढेच लिहू नका. कामाआधीचे आणि नंतरचे अंश दोन्ही बाजूंचे, टर्नबकलचे फेरे, पेडलाची ओढ, बदललेल्या भागांचे क्रमांक आणि सापडलेली वस्तू लिहा. नवी केबल बसवली असेल तर ती पहिल्या काही एरोबॅटिक तासांत किंचित ताणून बसते, म्हणून त्या तासांनंतर टप्पा ७ मधील तिसरी पायरी पुन्हा करण्याची नोंद त्याच पानावर आत्ताच करून ठेवा.